कात्री पडते ते गाणं

"खांब इथेच असतात का हो?"

मी एका पँटची खालची दुमड उलटून टाचण्या लावत होते आणि उरलेल्या टाचण्या ओठांत धरल्या होत्या. त्यामुळे तोंडातून नुसतं "हं?" एवढंच निघालं. दारात पन्नाशीचा एक माणूस उभा होता. जाड भिंगांचा चष्मा, आणि छातीशी एक कापडी पिशवी अशी धरलेली, जणू आत तान्हं मूल झोपलंय. पलीकडच्या काउंटरवर आमच्या यांची मान खालीच होती. किल्ली कापायचं मशीन किर्र करत चालू होतं. पण यांनी ऐकलं होतं हे मला कळलं, कारण हात थांबला होता आणि मशीन नुसतंच फिरत होतं.

खांब! हे नाव कानावर पडून किती काळ लोटला होता देव जाणे. गल्लीत यांना सगळे किल्लीवाले म्हणतात आणि मला किल्लीवाल्या बाई. खरं तर दुकानाचा अर्धा भाग माझा आहे, आणि पाटीवर 'कपडे दुरुस्ती' ही अक्षरं 'किल्ल्या-कुलपे'पेक्षा मोठी आहेत. मीच रंगवून घेतलीत, पण वाचतो कोण!

मी टाचण्या उशीत खोचल्या. "हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे इथेच ना!" तो एवढा खूश झाला की मला वाटलं, हा आता दुकानात नाचतो की काय.

सांगायला हवं. आज सांगितलं तर लोकांना थापा वाटतात, पण तरुणपणी हे एका रॉक बँडमध्ये होते. चौघं जण होते. पुढे गायला राजे. खांद्यापर्यंत केस, शर्टाची बटणं उघडी, आणि मुली नुसत्या जीव टाकायच्या. मागे एक ड्रमवर, एक गिटारवर, आणि पार कडेला बास गिटार घेऊन हे. बाकीचे स्टेजभर उड्या मारायचे आणि हे जागचे हलायचे नाहीत, म्हणून यांना खांब म्हणायचे. बोलणंही तसंच, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे यांच्या जिवावर यायचं.

तेव्हा छोट्या तबकड्या निघायच्या, सिंगल म्हणत त्यांना. पुढच्या बाजूला जे विकायचं ते गाणं. मागची बाजू कोरी ठेवता येत नाही, म्हणून तिथेही काहीतरी टाकायचं. बँडचं एकच गाणं तुफान गाजलं, ते राजेंनी गायलेलं. अजूनही लग्नात वाजतं, लिफ्टमध्ये वाजतं, दातांच्या डॉक्टरकडे वाजतं. त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला एक गाणं आहे, 'जिन्यातला दिवा'. ते यांनी लिहिलं आणि यांनीच गायलं. पुन्हा कधी गायले नाहीत.

"मी मागच्या बाजू गोळा करतो," चष्मेवाला म्हणाला. त्याला दुसरं काय म्हणणार? तोच शब्द माझ्या तोंडात बसला आणि पुढेही बदलला नाही. "एक छोटी कंपनी आहे, तिच्यासाठी सीडी काढतोय. बँडच्या सगळ्या सिंगलच्या मागच्या बाजू एकत्र."

"म्हणजे उरलंसुरलं," मी म्हटलं.

"अहो नाही वहिनी!" त्याला ते फारच लागलं. पिशवी काउंटरवर ठेवून तो दोन्ही हातांनी बोलायला लागला. "पुढच्या बाजूत सगळ्यांची नाकं खुपसलेली असायची. कंपनीचा साहेब, रेडिओवाले, दुकानदार, सगळे. मागच्या बाजूकडे कुणी ढुंकून बघत नसे. त्यामुळे ही मंडळी मनात येईल ते करायची. कोणी वाजवता वाजवता हसतंय, कोणाचा ताल चुकलाय, ज्याला पुढे कधी गाऊ देत नाहीत तो गातोय. आणि ही गाणी कुठल्या मोठ्या रेकॉर्डवर आली नाहीत. जे ते आपापल्या तबकडीच्या पाठीला चिकटून एकटं पडलेलं. सगळी एका जागी ऐकली ना, तर वाटतं आपण यांना आजवर ओळखतच नव्हतो. मला तर आता पुढची गाणी ऐकवत नाहीत."

"हे राजेंना सांगा, खूश होतील!"

पण माझ्या मनात ते कुठेतरी बसलं. कोणीही कपडा आणून दिला की मी आधी तो उलटा करते. बाहेरून इस्त्री मारून सगळेच साजरे दिसतात. शिवणारा घाईत होता, का त्याला प्रेम होतं, ते आतल्या शिवणीत कळतं. त्याला मी यातलं काही सांगितलं नाही. बोलले असते तर तो तिथेच मुक्कामाला राहिला असता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "दुसऱ्या कडव्यात, 'पायरी' या शब्दानंतर टिंग असा आवाज येतो. आमच्या लोकांत त्यावरून भांडणं झालीत. कोणी म्हणतं, ट्रँगल आहे, तो वाजवायचा लोखंडी त्रिकोण. कोणी म्हणतं, घंटा आहे आणि ती मरणाची खूण आहे. एकाने तर त्यावर लेख लिहिलाय."

मी हसता हसता स्टुलावरून पडायची तेवढी बाकी राहिले. "अहो, ती माझी कात्री!"

"काय?"

"कात्री हो. ही! हीच!" मी टेबलावरची कात्री उचलून त्याच्या नाकासमोर नाचवली.

मग मी सगळं सांगितलं. पुढच्या गाण्यातच त्या दिवशी स्टुडिओची वेळ संपत आली. राजेंचा घसा बसला, त्यात नाचताना शर्टाची बाही उसवली. आमचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. मी यांच्याबरोबर म्हणून गेले होते, तर तो शर्ट माझ्या मांडीवर येऊन पडला. कंपनीचा माणूस म्हणाला, मागे टाकायला काहीतरी द्या रे लवकर. बाकीचे खायला निघून गेले. हे म्हणाले, माझं एक आहे. आणि उभे राहून गायला लागले. मी कोपऱ्यात बाही शिवत होते. शिवत कसली, ऐकत होते. आमच्या घराच्या जिन्यात मी यांच्यासाठी दिवा चालू ठेवायचे आणि आई तो बंद करायची, त्याच दिव्याचं गाणं होतं ते. ऐकता ऐकता मांडीवरून कात्री घसरली आणि फरशीवर पडली. मी जीभ चावली. म्हटलं, झालं, वाटोळं केलं. पण हे थांबले नाहीत, आणि मागच्या बाजूसाठी पुन्हा कोण खटपट करतोय! गेलं तसंच छापून.

चष्मेवाला तोंड उघडं टाकून बघत होता. माझं लक्ष पलीकडे गेलं. यांचे खांदे हलत होते. हसत होते. आवाज नव्हता, पण हसत होते, आणि ते बघायला मला किती दिवस मिळालं नव्हतं!

"साहेब," चष्मेवाला आता यांच्याकडे वळला, "त्या दिवसाबद्दल तुमच्या तोंडून दोन शब्द मिळाले तर..."

यांनी मशीन बंद केलं. गळ्यातला रुमाल बोटाने खाली ओढला, तिथलं भोक त्याला दिसेपर्यंत तसाच धरला, आणि पुन्हा वर घेतला.

"स्वरयंत्र काढलंय," मी म्हटलं. "कॅन्सर. आवाज गेला यांचा."

बिचारा एवढासा झाला. मी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग त्याने कामाचं काढलं. कंपनीच्या गोदामात ओल शिरून मूळ टेपा खराब झाल्या होत्या आणि कुणीतरी त्या फेकूनही दिल्या होत्या. आता सगळं तबकड्यांवरूनच घ्यायचं होतं. त्याच्याकडची तबकडी वाजवून वाजवून झिजलेली. "तुमच्याकडे असेल तर एक दिवस..."

"आहे की," मी म्हटलं.

त्याच क्षणी काउंटरवर टक्कन आवाज झाला. आमची ही रीतच पडली होती. हे किल्लीने काउंटरवर वाजवायचे. एकदा वाजवलं तर नाही, दोनदा वाजवलं तर हो. या खेपेला एकदाच वाजलं होतं.

आपला फोन नंबर ठेवून तो माणूस निघून गेला.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज टेप करून ठेवा, काही लोक ठेवतात. तेव्हा आजच्यासारखे खिशातले फोन नव्हते, पण शेजारून टेपरेकॉर्डर मागून आणता आला असता. मी म्हटलंही. यांनी हात झटकला. "काय टेप करायचंय? मी बोलतो तरी किती?" खरंच होतं ते. घरातलं बोलणं सगळं माझ्याकडे होतं. आणि ऑपरेशनच्या दिवशी यांना आत नेताना मी बाजूने चालत होते. वाटलं, आता काहीतरी बोलतील. इतक्या वर्षांचा संसार, एखादा शब्द तरी! तर यांनी मान वळवली आणि विचारलं, "दुकानाचं शटर नीट लावलंस ना?" मी म्हटलं, "हो हो, लावलंय." आणि दार बंद झालं. यांच्या गळ्यातून आलेलं शेवटचं वाक्य ते. मला आजही हसावं का रडावं कळत नाही.

हॉस्पिटलने एक यंत्र दिलं होतं. बॅटरीएवढं, गळ्याला टेकवून ओठ हलवले की आवाज निघतो. आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. यांनी आरशासमोर एकदाच वापरून बघितलं. आरशात मागे मी दिसत होते. मी तोंडाने काही बोलले नाही, पण माझा चेहरा मेला असा आहे की आतलं सगळं त्याच्यावर दिसतं. यांनी ते यंत्र दुकानातल्या खणात कोऱ्या किल्ल्यांखाली टाकलं, ते पुन्हा काढलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. "का नको म्हणालात? एक दिवसाचा तर प्रश्न."

पेल्यावर चमचा एकदा वाजला.

"लोकांसाठी नाही, माझ्यासाठी. तबकडी कपाटावर पडून आहे आणि आपलं प्लेयर बिघडून युगं झाली. जगाच्या कुलपांना किल्ल्या करता, आणि घरातल्या प्लेयरचा पट्टा बदलवत नाही तुमच्याच्याने. मुद्दाम बदलत नाही, मला काय कळत नाही का?"

चमचा पुन्हा एकदाच वाजला. मग माझा बांध फुटला.

"तुम्हाला नको असेल, मला हवाय! तुमचा आवाज तुमच्या एकट्याचा होता का? परवा मी तो आठवायला गेले आणि आठवेना. कळतंय का तुम्हाला? शब्द आठवतात. तुम्ही काय म्हणालात, कधी म्हणालात, सगळं आठवतं. पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. तुमच्या वाटची वाक्यंसुद्धा आता मीच बोलते. तुमचा आवाज गेला तो गेला, माझ्या कानातूनही गेला!"

जेवण अर्धं टाकून हे उठले आणि जाऊन पडले. मीही मग ताट सरकवून दिलं.

सकाळी दुकान उघडलं. माझ्या शिलाई मशीनवर उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली तबकडी ठेवलेली होती. हे आपले पाठ करून कुणाच्या तरी कुलपात तेल सोडत होते.

मी फोन लावला, आणि चष्मेवाला दुपारी स्वतःचं प्लेयर उचलून घेऊन आला. वायरी, रेकॉर्डर, मऊ फडकी, सगळा बारदाना. रस्त्याचा आवाज नको म्हणून शटर अर्धं ओढलं. त्याने तबकडी दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून फुंकर घातली, उलटी केली आणि सुई टेकवली.

आधी नुसती खरखर, मग बासचा तो जड सूर आला. आणि मग हे.

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. मी म्हटलं, अगं बाई, हा! हा होय! कसा विसरले मी? जरासा कोवळा, वर जाताना घाबरणारा, आणि प्रत्येक ओळीच्या आधी घेतलेला श्वास. लग्नानंतर कितीतरी वर्षं काहीही बोलायच्या आधी हे तस्साच श्वास घ्यायचे. मी ओळखायचे की आता शब्द येणार. यांची पाठ आमच्याकडे होती. एक किल्ली कानशीने घासत बसले होते. तिला घासायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या कडव्यात पायरी आली आणि टिंग झालं. चष्मेवाल्याने माझ्याकडे बघून मान तुकवली, गवयाला दाद देतात तशी. मेला!

शेवटचा सूर विरला आणि त्याने सुई उचलायला हात पुढे केला.

"थांबा!" मी ओरडलेच.

"संपलं की वहिनी."

"नाही संपलं."

खरखर चालू राहिली. एक खुर्ची करकरली. आणि मग यांचा आवाज आला. गाण्यातला नव्हे, बोलण्यातला.

"झालं? चल, घरी जाऊ."

तबकडी झिजू नये म्हणून गाणं संपलं की चष्मेवाला दरवेळी लगेच सुई उचलायचा. त्याच्या ओळखीतले सगळेही तसंच करायचे. अर्धं आयुष्य त्याने ती तबकडी ऐकली होती, आणि तेवढं एक वाक्य त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

"हे कोणाला म्हणतायत?" त्याने हळूच विचारलं.

"मला. दुसरं होतं कोण तिथे?"

तेव्हा मीही यांना 'अरे' म्हणायचे. लग्नानंतर सासूबाईंसमोर 'अहो' सुरू केलं ते जिभेला चिकटलं. सासूबाई गेल्या, 'अहो' राहिलं.

"एकदा पुन्हा लावू?"

"नको, झिजेल," मी म्हटलं. पण काउंटरवर किल्ली दोनदा वाजली. यांनी वळून बघितलं नव्हतं. चष्मेवाल्याने पुन्हा सुई ठेवली.

त्यानंतर मधे काही दिवस गेले आणि यांच्या गळ्याशी पुन्हा गाठ लागली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. बाहेर बोलावतात तेव्हा काय सांगतात ते सांगायला नको. हे आत बसून होते आणि यांनाही सगळं माहीत होतं. घरी येताना दोघांत मीच बडबडत होते, तीही रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल.

अशातच चष्मेवाल्याकडून कॅसेट आली. सीडी निघायच्या आधीची नमुन्याची. दुकानात टेपवर लावली. कंपनीने गाणं साफ केलं होतं. साफ म्हणजे काय, ब्लीचमध्ये बुडवून काढल्यासारखं! खरखर गेली ते ठीक. पण ओळींच्या आधीचे श्वास गेले, टिंग गेलं, आणि शेवटचा सूर संपतो न संपतो तोच कॅसेट गप्प. 'घरी जाऊ' नाही न् काही नाही.

मी तडक फोन लावला. "माझी कात्री कुठाय?"

पलीकडे तो त-त-प-प करायला लागला. "वहिनी, मी सांगून थकलो हो. कंपनीच्या इंजिनिअरसाहेबांच्या मते ती चूक आहे. रेकॉर्डिंगमधली चूक काढणं हेच त्यांचं काम. मी म्हटलं, त्यासाठीच तर लोक ही गाणी ऐकतात. ते म्हणतात, गाणाऱ्याने स्वतः सांगितलं तर ठेवू. ते इथेच माझ्या शेजारी बसलेत. फोन मोठ्या आवाजावर आहे."

"गाणारा सांगणार कसा?" माझा आवाज चढला. दुकानात एक बाई परकर अल्टर करायला आल्या होत्या, त्या दचकल्या. "तोंडाने सांगता आलं असतं तर मी त्या वीतभर तबकडीसाठी भांडले असते का तुमच्याशी? सांगा त्या साहेबांना, तेवढाच आवाज उरलाय यांचा जगात, तोही..."

मागे खण उघडल्याचा आवाज झाला. कोऱ्या किल्ल्या खळाखळा बाजूला सारल्याचा आवाज झाला. हे माझ्याजवळ आले आणि माझ्या हातातून फोन घेतला. दुसऱ्या हातात ते यंत्र होतं. रुमाल खाली सरकवून यांनी ते गळ्याला टेकवलं.

"कात्री. राहू. द्या."

परकरवाल्या बाई दोन पावलं मागे सरल्या. यांनी थांबून दम घेतला. गळ्याजवळच्या गाठीमुळे यंत्र नीट टेकत नव्हतं, ते सरकवून पुन्हा लावलं.

"शेवटचं. बोलणं. पण. ते. तिचं. आहे."

यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि काउंटरपलीकडे जाऊन बसले. मग फोनमधून कुणातरी परक्या माणसाचा खाकरल्याचा आवाज आला, आणि तो म्हणाला, "बाई, ठेवतो. सगळं ठेवतो."

मी या वेळी चेहरा लपवला नाही. लपवून काय करायचं? डोळे पुसत यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "चांगला येतो की आवाज." यांनी माझ्याकडे असं बघितलं, की खोटं बोलावं तर तुझ्यासारखं. पण यंत्र खणात परत टाकलं नाही, शर्टाच्या खिशात ठेवलं.

पुढे जेवढे दिवस मिळाले तेवढे मी त्या भुंग्याशी भांडले. "चहा. थंड." "पंखा. लाव." "किती. बोलतेस." हे शेवटचं तर रोजचंच. मीही पूर्वीसारखी उलट उत्तरं द्यायचे. कानाला सवय होते हो. दोन-तीन महिन्यांत मला तो पत्र्याचा वाटेनासा झाला.

सीडी यायच्या आधी हे गेले. हॉस्पिटलमध्ये, दुपारी, मी चादर सारखी करत असताना.

मी दुकान चालू ठेवलं. किल्ल्यांचं मशीन विकणार का, असं दोघा-तिघांनी विचारलं, मी नाही म्हटलं. त्याला जाड कापडाचं कव्हर शिवलं, आतून दुहेरी शिवण घालून. आत कोण बघणार आहे, पण घातली. लोक अजून किल्ल्या घेऊन येतात. मी त्यांना चौकाच्या पुढचं दुकान दाखवते.

चष्मेवाला सीडी स्वतः घेऊन आला. पोस्टाने पाठवायला मन घेईना म्हणाला. सीडी वाजवायचं छोटं मशीनही बरोबर आणलं होतं, ठेवून घ्या म्हणाला. कव्हरवर चौघांचा फोटो. राजे पुढे, आणि कडेला अर्धे कापले गेलेले हे. आत छोटं पुस्तक होतं, कुठल्या गाण्यात कोणी काय वाजवलं त्याचं. त्याने शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. 'जिन्यातला दिवा. गायन आणि बास, खांब. कात्री, वहिनी.'

"तुमचं आपलं काहीतरीच," मी म्हटलं. पण पुन्हा वाचलं.

"ते गाणं सगळ्यात शेवटी ठेवलंय," तो म्हणाला. "त्याच्यानंतर दुसरं काही लावता येईना. थांबू का मी ऐकताना?"

"नको. मी ऐकते."

तो गेला. मी गिऱ्हाइकांचं काम उरकलं, फरशीवरचे दोरे झाडले, आणि संध्याकाळी बंद करायच्या आधी ते मशीन लावलं. एकामागून एक मागच्या बाजू यायला लागल्या. एकात ड्रमवाला आकडे चुकीचे मोजतो आणि त्याचं त्यालाच हसू फुटतं. एकात गिटारवाला आपल्या आईला हाक मारल्यासारखं काहीतरी गातो. हा असा होता हे मला कुठे माहीत होतं? आणि एकात राजे, चक्क हळू गातायत. नखरा नाही, ओरडणं नाही, खोलीत एकटाच बसून कुणी गुणगुणावं तसं. आयुष्यभर मी त्या माणसाचा राग राग केला. यांना कडेला उभं करून सगळं पुढे उभं राहून खाल्लं म्हणून. त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे, तोही बिचारा पुढच्या बाजूला अडकलेला होता. यांच्याबरोबर बसून ऐकायला हवं होतं हे. तेवढं राहिलं.

मग शेवटचं गाणं लागलं. खरखर ठेवली होती थोडी. श्वास सगळे जागच्या जागी होते. पायरी आली, टिंग झालं. कात्री टेबलावर होती. मी नुसता तिच्यावर हात ठेवला.

सूर विरला. मी वाट बघत बसले. खुर्ची करकरली.

"झालं? चल, घरी जाऊ."

"थांब रे जरा," मी म्हटलं, "शटर लावते."

दिवा मालवला. बाहेर येऊन शटर ओढलं, कुलूप घातलं, आणि हे ओढून बघायचे तसं दोनदा ओढून बघितलं. नीट लागलं होतं.